बावीस किलोमीटरचा पार

काम करणारी माणसं गावात शेकड्यांनी असतात. त्यांच्यावर कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी वाचायला त्यांना सवड नसते. पण प्रत्येक गावात एक तरी माणूस असा निघतो, की बसणं हेच त्याचं काम. त्याला रिकामटेकडा म्हणू नये. रिकामटेकडा माणूस बसल्या जागी चुळबुळतो, घडीघडी मोबाइल काढतो, रस्त्यात दोघांचं वाजलं की उठून पाहायला जातो. खरा बसणारा उठत नाही. भांडणच सरकत सरकत त्याच्याकडे येतं आणि त्याच्यासमोर मिटतं.

वर्धा जिल्ह्यातल्या केळझरचे मामाजी ह्या दुर्मीळ जातीतले. माझे ते सख्खे मामा. पण अख्खं गाव त्यांना मामाजी म्हणतं, त्यामुळे माझ्या नात्याला तिथे काही भाव नाही. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी हयात बसून गेली. स्टँडवरच्या खिडकीआड बसायचं, भोंग्यातून बाकीच्यांना निघायला सांगायचं आणि आपण जागचं हलायचं नाही, ही नोकरी त्यांना नेमकी कशी सापडली कोण जाणे. माणूस आणि खुर्ची यांचं इतकं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी विचारलं, मामाजी, आठवण म्हणून काय देऊ? मामाजींनी ती खुर्चीच मागितली. ती महामंडळाच्या दप्तरी नोंदलेली निघाली, म्हणून शाल-श्रीफळावर भागवावं लागलं.

तेव्हापासून त्यांच्या बैठकीला वेळापत्रक आलं. सकाळी टेकडीवर सिद्धिविनायकाच्या देवळाबाहेर. विदर्भातल्या अष्टविनायकांतला हा एक गणपती, त्यामुळे चतुर्थीला नागपूर-वर्ध्याकडून गर्दी लोटते. भक्त घाईत येतात, घाईत नवस बोलतात आणि घाईत गाडीची चावी शोधतात. मामाजी ते पाहत बसतात. ऊन चढलं की स्टँडसमोरची टपरी, दुपारी निंबाखालचा पार, आणि चार वाजता पुलाचा कठडा. तिथून नागपूर-वर्धा रस्त्यावरची वाहनं दिसतात. आमच्या सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, 2022 च्या डिसेंबरात त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाला, तेव्हा गावातली पोट्टी येऊन सांगू लागली की आता शिर्डीला जायला निम्मादेखील वेळ लागत नाही. मामाजी म्हणाले, "मंग उरलेल्या वेळात काय करून राह्यले?" पोट्ट्यांना उत्तर सुचलं नाही. काही जण अजून विचार करताहेत.

ह्या बसण्याला मामाजींकडे पुराणाचा आधार आहे. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडे मानतात. लाक्षागृहातून सुटलेले पांडव इथेच लपून राहिले, आणि इथेच भीमाने बकासुराला लोळवला. मामाजींचं म्हणणं असं, की लोक ह्या कथेतली मारामारी तेवढी लक्षात ठेवतात आणि मुद्दा सोडून देतात. भीम गाडाभर अन्न घेऊन राक्षसाकडे गेला आणि आधी जेवायला बसला. राक्षस आला, पाठीत गुद्दे घालू लागला, झाड उपटून अंगावर धावला. भीमाने हातातला घास खाली ठेवला नाही. सगळं जेवण झालं, हात धुतले, मग उठला. "आपल्या गावचा रिवाज हा असा आहे," मामाजी म्हणतात. "पयले बसा. मंग पाहू."

"हाव ना," आतून मामी म्हणते. "अन् कुंती बसली होती काय, ते कोनी लिवून नाही ठेवलं."

मामींचा हा आवाज ह्या व्यक्तिचित्रात अधूनमधून येत राहील. तो टाळता आला असता तर मामाजींनीच टाळला असता.

आता असा माणूस परदेशात जाईल असं कोणाला वाटलं असतं? पण पोरगा कॉम्प्युटरमध्ये शिकला आणि कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवतो म्हणून सांगितलं. गावात पेढे वाटून झाल्यावर कळलं, की ही अमेरिका दक्षिणेकडची आहे आणि गावाचं नाव मोंतेविदेओ आहे. उरुग्वे नावाच्या देशाची ती राजधानी. टाटा कन्सल्टन्सीने 2002 साली तिथे कचेरी थाटली, तेव्हापासून भारतातल्या कॉम्प्युटरवाल्यांना ह्या शहराचा पत्ता लागला आहे. एरवी आपल्याला तो देश फुटबॉलपुरता माहीत. पोराने आईबापाला डिसेंबरात बोलावलं, कारण आपला हिवाळा म्हणजे तिकडचा उन्हाळा. फोनवर म्हणाला, "बाबा, खूप शांत शहर आहे. समुद्र आहे. या, जरा आराम करा."

मामाजींनी फोन कानापासून दूर धरून मामीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना आराम करण्यासाठी बोलावत होतं. आजवर सगळ्यांनी आरामातून उठवायलाच हाका मारल्या होत्या.

नागपूर, मुंबई, मग आफ्रिकेतलं अदिस अबाबा, तिथून समुद्र ओलांडून ब्राझीलचं साओ पावलो, तिथून मोंतेविदेओ. पंधरा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. मोठमोठी माणसं ह्या प्रवासात रडकुंडीला येतात. मामाजींना मात्र विमानतळ फार आवडले. इतक्या खुर्च्या त्यांनी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. अदिस अबाबाला मधले कित्येक तास काढायचे होते. मामी पिशव्या मोजत होती, आणि मामाजी सुटणाऱ्या विमानांच्या फलकासमोर जाणकाराच्या नजरेने बसले होते. एक विमान दीड तास उशिरा असल्याची सूचना आली तेव्हा बाकीचे उतारू चरफडले. मामाजींनी मान डोलावली. "बरोबर आहे. तिकून गाडीच आली नसन, तर इकून काय सोडते थो?" जगातल्या सर्व वाहतूक नियंत्रकांचं दुःख एकच असतं, हे त्यांना तिथे उमगलं.

एकच अडचण होती. खर्रा. कागदोपत्री बंद असलेला हा तंबाखू-सुपारीचा पदार्थ विदर्भात किती बंद आहे ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. मामींनी निघतानाच सगळ्या पुड्या काढून नागपूरला कचऱ्यात टाकल्या होत्या. त्यामुळे मामाजी मोंतेविदेओला उतरले ते थोडे उदास, जबडा रिकामाच हलवत.

पोराने आणि सुनेने कॉम्प्युटरवर तक्ता तयार ठेवला होता. रोज सकाळी नऊपासून आरामाला सुरुवात. पहिल्या दिवशी स्वातंत्र्य चौक, तिथला राष्ट्रनायक आर्तिगासचा घोड्यावरचा पुतळा आणि त्याच्या खालची समाधी, शेजारी 1928 सालची पालासिओ साल्वो ही उंच इमारत. दुसऱ्या दिवशी 1930 चा पहिला विश्वचषक जिथे झाला ते सेंतेनारिओ स्टेडियम. अंतिम सामन्यात उरुग्वेने अर्जेंटिनाला 4-2 ने हरवलं, ती सगळी कथा पोराने धापा टाकत सांगितली. मामाजी म्हणाले, "बावीस जण पळून राह्यले होते. पाहाले किती बसले होते?" साठ हजारांच्या वर, असं पोराने सांगितलं. "मंग जास्तीची अक्कल कोनाकडे होती, पाह्य."

स्टेडियम ज्या बागेत आहे त्याच बागेत थोडं पुढे गेल्यावर मात्र मामाजी थबकले. समोर बैलगाडी. खरीखुरी नव्हे, काशाची, पण खऱ्याएवढी: चिखलात रुतलेली, बैल जीव तोडून ओढताहेत, बाजूला घोड्यावरचा गाडीवान. होसे बेलोनी नावाच्या शिल्पकाराने घडवलेली ही गाडी 1934 पासून तिथे उभी आहे. वर्धा जिल्हा म्हणजे गवळाऊ बैलांचा मुलूख. मामाजींनी बैलांभोवती दोन फेऱ्या मारल्या, वशिंडाचा अभाव नोंदवला, खुरांबद्दल समाधान व्यक्त केलं आणि समोरच्या बाकावर बसले. तक्त्यातले पुढचे दोन मुक्काम तिथेच बुडाले. "हा बकासुराचा गाडा आहे," त्यांनी सुनेला समजावलं. "भीम दिसून नाही राह्यला. बसला असन कोठीतरी."

तिसऱ्या दिवशी समुद्र. वर्ध्याच्या माणसाला समुद्र म्हणजे सिनेमात हिरो-हिरॉइन जिथे पळतात ती निळी जागा. इथे पाहतात तो पाणी गढूळ, तांबूस. "हे तं बोर नदीच्या पुराचं पानी आहे," मामाजी म्हणाले. पोराला कबूल करावं लागलं, की कागदोपत्री हा समुद्र नाहीच. ही रिओ दे ला प्लाता. पाराना आणि उरुग्वे ह्या दोन मोठ्या नद्या अर्ध्या खंडाचा गाळ घेऊन इथे उतरतात आणि अटलांटिकला मिळतात, म्हणून हा रंग. मोंतेविदेओपाशी हे पात्र शंभरेक किलोमीटर रुंद आहे. मामाजींना समुद्र हुकल्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. जी नदी इतकी सावकाश जाते, की समुद्र कुठे लागला हे तिलाच कळत नाही, ती त्यांच्या वळणाची होती.

आणि मग त्यांनी वळून काठाकडे पाहिलं.

ह्या काठाला रांब्ला म्हणतात. पाण्याच्या कडेने बावीस किलोमीटरांहून लांब जाणारा रुंद रस्ता, त्याला फरसबंदी पायवाट, आणि कडेला ग्रॅनाइटचा बुटका कठडा. त्या कठड्यावर माणसं बसली होती. पुढेही बसली होती. वळणापलीकडे, नजर जाईल तिथवर बसलेलीच होती. कोणी विकत नव्हतं, कोणी काही साजरं करत नव्हतं, कोणाच्या हातात तक्ता नव्हता. म्हातारे, जोडपी, पोरं, कचेरीतून सुटलेले बाबू, सगळे पाण्याकडे तोंड करून बसलेले, आणि प्रत्येकाच्या बगलेत एक थर्मास. बावीस किलोमीटरचा पार! मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सून सांगते. मामी म्हणते, वारा होता.

त्या दिवशी तक्ता संपला. पोरगा सकाळी कामाला जाताना बापाला रांब्लावर सोडायचा आणि संध्याकाळी येताना उचलायचा.

थर्मासात असतं गरम पाणी आणि हातातल्या तुंब्यात माते. हा एका झाडाच्या पाल्याचा कडू काढा. उरुग्वेत तो पिकत नाही, बहुतेक ब्राझीलमधून येतो, पण त्यावाचून तिथला माणूस घराबाहेर पडत नाही. तुंब्यात हिरवी भुकटी, त्यात धातूची नळी, वरून गरम पाणी. एकाने ओतायचं, एकाने प्यायचं, तुंबा परत द्यायचा, त्याने पुन्हा भरून पुढच्याला द्यायचा. नळी सगळ्यांची एकच. भारतातून आलेली बरीच माणसं इथे अडखळतात. पण ज्याने जन्मभर एका पन्नीतला खर्रा चौघांत घोटून खाल्ला, त्याला नळीचं काय? शेजारच्या म्हाताऱ्याने तुंबा पुढे केला, मामाजींनी ओढ घेतली, कडू जहर लागलं आणि कितीतरी दिवसांनी जबड्याला काम मिळालं. सुनेने शिकवल्याप्रमाणे ते अदबीने म्हणाले, "ग्रासियास." म्हाताऱ्याने मान हलवली आणि पुढच्या फेरीत त्यांना वगळलं. त्याच्या पुढच्याही. मामाजी हिरमुसले. रात्री पोराने उलगडा केला: मातेच्या फेरीत आभार मानले, की 'आता पुरे' असा अर्थ होतो. प्यायचं असेल तोवर काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मामाजींनी आभार मानणं सोडलं. हा रिवाज त्यांना इतका पटला की तो त्यांनी घरीही चालू केला. मामींच्या मते तो घरी आधीपासूनच होता.

भाषा लागत नव्हती, आणि तीच मोठी सोय होती. म्हातारा स्पॅनिशमध्ये बोले, मामाजी वऱ्हाडीत, दोघेही एकमेकांना हुंकार देत. एके दिवशी मामाजींना पाटी दिसली. ह्या रांब्लाच्या तुकड्यांना वेगवेगळी नावं आहेत, आणि ते बसत होते तिथून जवळच्याच तुकड्याचं नाव होतं रांब्ला महात्मा गांधी. गांधींचं सेवाग्राम केळझरहून तासाभरावर; शाळेच्या सहली, सरकारी पाहुणे, सगळं तिकडेच जातं. मामाजींनी पाटीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग म्हणाले, "वर्धा. आमच्या इकडचे." म्हाताऱ्याने त्याचा काय अर्थ घेतला देव जाणे. पण पुढच्या दिवसापासून त्या कठड्यावर मामाजींना गांधींच्या घरचा माणूस म्हणून मान मिळू लागला. दोन बाया त्यांच्यासोबत फोटो काढून गेल्या. मामाजींनी गैरसमज दूर केला नाही. त्यासाठी उठावं लागलं असतं.

ह्या देशाबद्दल त्यांनी फार माहिती गोळा केली असं नाही. पण होसे मुहिकाचा फोटो कोणीतरी दाखवला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. तेराएक वर्षं तुरुंगात काढलेला हा बंडखोर 2010 ते 2015 राष्ट्राध्यक्ष होता. राजवाडा नाकारून मोंतेविदेओबाहेर आपल्या शेतघरातच राहिला, पगारातला मोठा वाटा देऊन टाकायचा आणि 1987 सालची जुनी फोक्सवॅगन बीटल चालवायचा. 2025 च्या मे महिन्यात तो वारला. वर्ध्याकडच्या माणसाला साधेपणाचं अप्रूप सहसा वाटत नाही. विनोबांच्या पवनारला, गांधींच्या सेवाग्रामला त्याने तो भरपूर पाहिलेला असतो. मामाजींची दाद वेगळीच होती. फोटोत अंगणात साध्या खुर्चीवर तो म्हातारा बसला होता, शेजारी कुत्रं. "बसता येते याले," मामाजी म्हणाले. ह्याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही.

पोरासुनेचा जीव मात्र कळवळत होता. आईबाप एवढ्या लांब आले आणि कठड्यावर बसून आहेत! म्हणून एका शनिवारी खास विश्रांतीसाठी पुंता देल एस्तेला नेलं. पहाटे उठून, डबे भरून, दोन-अडीच तास गाडी हाकून, जागा मिळवण्यासाठी धावपळ करून तिथे सगळ्यांनी विश्रांती घेतली. संध्याकाळपर्यंत सुनेचं डोकं चढलं, पोराची पाठ धरली. किनाऱ्यावर वाळूतून वर आलेली पाच प्रचंड बोटं आहेत. चिलीच्या मारिओ इरार्रासाबालने 1982 मध्ये केलेलं हे शिल्प जगभर गाजलं आहे. बुडणाऱ्या माणसाचा तो हात, असं मार्गदर्शक सांगत होता. मामाजींना पटेना. त्यांच्या मते माणूस वाळूत छान पडला आहे आणि 'उठा आता' म्हणणाऱ्याला हाताने थांबवतो आहे.

खाण्याचे हाल होतील अशी मामींना भीती होती, कारण हा देश गोमांस भाजून खाणाऱ्यांचा. पण पिझ्झाच्या दुकानात फाइना नावाची गोष्ट मिळाली. ती निघाली चण्याच्या पिठाची. मामींनी चव घेतली, मिठाबद्दल मत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ओवा-मिरची घालून घरीच थापली. माझ्या मते त्या घरातली एकमेव खरी प्रवासी मामीच. ती बाजारात गेली, खुणांनी भाव केला, खालच्या मजल्यावरच्या बाईकडून विणकामाचा टाका शिकून आली. पण तिच्यावर व्यक्तिचित्र लिहायचं तर तिने घडीभर एका जागी बसायला हवं.

फेब्रुवारीअखेर मंडळी केळझरला परतली. मामाजींच्या बगलेत थर्मास होता. तो घेऊन ते स्टँडसमोरच्या टपरीवर आले, तुंबा काढला, हिरवी भुकटी टाकली, आणि पोट्टी जमली. बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण कोणीतरी मोबाइलवर शोधून काढलं होतं, की उरुग्वेने 2013 साली गांजा कायदेशीर केला आणि 2017 पासून तो तिथे औषधाच्या दुकानांतही मिळतो. मामाजींनी कितीही सांगितलं तरी ऐकणारे डोळा मारत होते. चौघांनी आग्रहाने नळीची ओढ घेतली. चौघेही थुंकले. "याले पैसे देते लोकं?" असं विचारून ते खर्ऱ्याकडे परतले.

तरी मामाजींचा दर्जा वाढला तो वाढलाच. पूर्वी लोक म्हणायचे, मामाजी बसून आहेत. आता म्हणतात, मामाजी रांब्लावर आहेत. पुलाच्या कठड्याला गावात तेच नाव पडलं आहे. पोट्टे त्यांचे रील काढतात. बाहेरगावचे पाहुणे चतुर्थीचं दर्शन उरकून कठड्याशी येतात आणि विचारतात, तिकडे पाहिलं काय? मामाजी सांगतात, पाहिलं काही नाही, बसलो. पाहुण्यांना वाटतं म्हातारा थट्टा करतो.

परवा सकाळी टपरीवर मामाजींनी सहज सांगितलं, की त्या देशात माणसं पस्तीसेक लाख आणि गाई-बैल कोटीच्या वर. माणशी तीनहून जास्त. सगळे गप्प झाले. गोठ्याचा अनुभव असलेली माणसं होती ती. शेवटी एकाने विचारलंच, "मामाजी, मंग एवढं शेन कोन उचलते तिकडे?"

मामाजींना ठाऊक नव्हतं. अडीच महिने राहून हे आपण पाहिलं नाही, ह्याचा त्यांना फार धक्का बसला. त्यांनी तिथूनच पोराला फोन लावला. केळझरला सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे मोंतेविदेओत मध्यरात्र उलटून गेलेली. पोराने घाबऱ्या घाबऱ्या फोन उचलला. "बाबा! काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मले सांग, तिकडे शेन कोन उचलते?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग पोरगा म्हणाला, "कोणीच नाही, बाबा. मोकळी कुरणं असतात. तिथेच पडून राहतं."

मामाजींनी फोन खाली ठेवला आणि पंचांचा निवाडा सांगावा तशा आवाजात जाहीर केलं, "कोनीच नाही उचलत. पडून राह्यते." टपरीवर एक लांब सुस्कारा उमटला. गांधी रांब्ला ऐकून, राष्ट्राध्यक्षाची जुनी मोटार ऐकून जे हलले नव्हते, त्यांना आता त्या देशाचा खरा हेवा वाटला.

मामी तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन समोरून चालली होती. ती थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "अन् आपल्या गोठ्यातलं कोन उचलते, थे बी सांगा त्याइले."

मामाजींनी तुंबा उचलला आणि नळी तोंडात धरली.